आधी घड्याळ बघा, मग बोर्ड
(वाचकांचे प्रश्न, फोंड्याहून उत्तरं)

गेल्या अंकात मी सहज लिहून गेले होते की गाडीने गोव्यात येणारी माणसं वाटेवरचं चांगलं जेवण सोडून देतात आणि समुद्राकाठी येऊन वाईट जेवतात. त्यावर पत्रांचा ढीग आलाय. निम्म्या पत्रांत एकच मागणी : "ताई, नावं द्या." विम्याच्या कामासाठी पेडण्यापासून काणकोणापर्यंत स्कूटर फिरवण्यात माझी अर्धी हयात गेली, त्यामुळे नावं माझ्याकडे आहेत. पण ती छापणार नाही. का, ते खाली एका पत्राच्या उत्तरात येईलच.

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत कोल्हापूरहून आंबोलीमार्गे येतोय. पहाटे चारला निघणार, म्हणजे गोव्याच्या हद्दीत शिरायला साडेआठ होतील. बरोबर दोन मुलं आणि सासूबाई. दर वेळी महामार्गावरच्या मोठ्या हॉटेलात इडली-डोसा खातो आणि पुढे जातो. गोव्याचा म्हणावा असा नाष्टा कुठे मिळेल? (एक वाचक, कोल्हापूर)

साडेआठ ही वेळ छान आहे. फक्त बांद्यात चहासाठी अर्धा तास घालवू नका. गोव्याचा सकाळचा नाष्टा म्हणजे भाजीपाव, आणि तो घड्याळावर चालतो. पोदेर (पाववाला) भल्या पहाटे पाव टाकून जातो, सहा-साडेसहाला पातेल्यांवरची झाकणं निघतात, आणि दहानंतर उरते ती तळाची भाजी. त्याच टेबलावर अकरा वाजता बसून "एवढं काही खास नाही हो" म्हणणारे पाहुणे मी पुष्कळ पाहिलेत.

पत्रादेवीपासून म्हापसा पंचवीस-तीस किलोमीटर. रस्ता आता रुंद झालाय, गाडी सुसाट येते आणि पेडणं कधी मागे पडलं ते कळतही नाही. महामार्ग चौपदरी होताना गावं बाजूला राहिली आणि खाण्याची जुनी ठिकाणं गावांबरोबरच राहिली. तेव्हा एकतर पेडण्याला आत वळा, नाहीतर सरळ म्हापशाच्या बाजारापर्यंत या. गाडी बाजारात घालू नका, बाहेरच लावा. शुक्रवार असेल तर जरा लांबच लावा, कारण त्या दिवशी म्हापशाचा आठवडी बाजार भरतो आणि आजूबाजूची सगळी गावं तिथे लोटतात. खरं तर शुक्रवार साधता आला तर साधाच. मयड्याची जाडजूड केळी, चोरिसांच्या (डुकराच्या मांसाच्या सॉसेजच्या) माळा, पावाच्या टोपल्या हे सगळं एका फेरीत बघून होतं, आणि मुलांचे पायही मोकळे होतात.

आता शोधायचं काय? दाराशी काचेचं कपाट असलेलं, भिंतीवर देवांच्या तसबिरी लावलेलं, टेबलाला टेबल लागलेलं छोटं हॉटेल. बोर्ड वाचायच्या आधी कपाटात डोकावा. मिरच्या, सामोसे आणि बन दिसतील. बन अजून फुगलेले असले तर आत जा, बसके असले तर पुढचं दार बघा. वेटर भाज्यांची नावं एका दमात म्हणून दाखवेल : पातळ, सुकी, मिक्स, टोमॅटो, चणा. पहिल्यांदा खाणाऱ्याने मिक्स मागावी. बशीत खाली वाटाण्याची पातळ भाजी येते, तिच्यावर बटाट्याची पिवळी सुकी. पातळ भाजीत खोबऱ्याचं वाटण असतं आणि ते नीट परतलेलं असलं की रसावर तेलाची बारीक नक्षी तरंगते. ती दिसली की समजावं, स्वयंपाकघरात कोणीतरी जाणतं माणूस आहे. मुंबईची लोण्यातली पावभाजी डोक्यातून काढून टाका. इथे पाव भाजून देत नाहीत. तो तोडायचा आणि रसात बुडवायचा. रस कमी पडला तर "थोडा रस" म्हणा, तोंड वाकडं न करता वाढतात.

सासूबाईंना तिखट चालत नसेल तर त्यांना बन आणि चहा सांगा. पिकलं केळं घालून मळलेल्या मैद्याची ही जाड पुरी किंचित गोड असते, मधूनच जिरं दाताखाली येतं. मुलंही तेच मागतील, तेव्हा चारपाच जास्तच सांगा.

प्रश्न : गेल्या खेपेला मोबाइलवर साडेचार तारे बघून कळंगुटजवळ एका ठिकाणी मासे खाल्ले. सुरमई शिळी होती आणि बिल बघून घाम फुटला. आमच्यासारख्या बाहेरच्यांनी स्थानिकांची खाणावळ ओळखायची कशी? विचारलं तर सगळे त्याच चार नावांवर बोट ठेवतात. (एक वाचक, पुणे)

विचारता चुकीचं, म्हणून उत्तरं तीच मिळतात. "इथे चांगलं हॉटेल कुठलं?" असं विचारलं की माणूस पाहुण्यांसाठीचं हॉटेल सांगतो. त्यात त्याचा दोष नाही. आपल्या घरी कोणी आलं तर आपणही त्याला गल्लीतल्या टपरीवर पाठवत नाही. त्याऐवजी "तुम्ही आज कुठे जेवलात?" असं विचारा. आणि विचारा ते ज्याला रोज बाहेर जेवावं लागतं त्यालाच : कदंबच्या बसस्टँडवरच्या कंडक्टरला, बँकेच्या शिपायाला, औषधांची बॅग घेऊन हिंडणाऱ्या एमआरला, टाइल्सच्या टेम्पोवाल्याला. हॉटेलच्या रिसेप्शनवरच्या मुलाला विचारू नका, तो डबा आणतो.

दुसरी खूण नंबरप्लेटची. दुपारी साडेबारा ते दोन या वेळात खाणावळीबाहेरच्या दुचाकींकडे नजर टाका. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं म्हणजे भाड्याची गाडी, म्हणजे पाहुणे. पांढऱ्या पाट्या, त्यातही जवळच्याच तालुक्याच्या, रांगेने लागलेल्या असल्या तर गाडी थांबवा. फोंड्यात जीए ०५, म्हापशाकडे जीए ०३, डिचोलीकडे जीए ०४. हे आकडे लक्षात ठेवायला दोन मिनिटं लागतात आणि ताऱ्यांपेक्षा ते खरं बोलतात. मोबाइलवर तारे देतो तो एकदा जेवून गेलेला माणूस. पांढऱ्या पाटीवाला उद्या परत येणार असतो, त्याला शिळी सुरमई वाढून मालकाचं भागत नाही.

आत गेल्यावर बसायच्या आधी एकच प्रश्न : "आयज नुस्तें कितें आसा?" कोकणी जमत नसेल तर "आज मासळी काय आहे?" म्हणा, मराठी बहुतेकांना कळतं. उत्तर "सगळं आहे, सुरमई, पापलेट, कोळंबी, काय पाहिजे बोला" असं आलं तर सावध व्हा. समुद्र रोज सगळं देत नाही, फ्रीझर देतो. "आज बांगडे आणि लेप, तिसऱ्यो थोड्या आहेत" असं आलं की पाय पसरून बसा. आणि हट्टाने सुरमईच मागू नका. इसवण (तुमची सुरमई) महाग मासळी आहे, तिचा पातळ काप रव्यात दडवणं सोपं असतं. बांगड्यात काही दडवता येत नाही. अख्खा मासा ताटात येतो, डोळ्यासकट. मुड्डोशी मिळाली तर सोडू नका. दिसायला किरकोळ, काटे सुटसुटीत आणि चव अशी की घरात पाहुणे आले की ती आधी आमच्या ताटातून गायब होते.

ताट असं ओळखा. भात उकड्या तांदळाचा, जाड, किंचित लालसर. नको असेल तर आधीच सांगा, साधाही मिळतो. हुमण (माशाचं कालवण) नारळाचं, पण त्यात कोकम किंवा आंबट काहीतरी हवंच. बांगड्याच्या हुमणात तिरफळ असलं तर ताट एक पायरी वर गेलं. तिरफळ चावू नका, बाजूला काढा. एक तळलेला तुकडा, एक सुकं किंवा भाजी, वाटीत सुकटीची किस्मूर, लोणचं आणि सोलकढी. किस्मूर बघाच. ती ऐन वेळी कालवलेली असेल तर सुकट दाताखाली कुरकुरते, सकाळी कालवून ठेवलेली असेल तर ओल्या खोबऱ्यात लोळागोळा होऊन पडलेली असते. मी तर आधी किस्मुरीला हात घालते आणि त्यावरून पुढचा मासा मागवायचा की नाही ते ठरवते. ताटात पापड, गुलाबजाम, दोन चपात्या आणि पनीर असं सगळंच दिसलं तर तुम्ही ज्या ठिकाणी बसलात ते तुमच्यासाठीच काढलेलं आहे.

अडीचनंतर जाऊ नका. गोव्यातली पुष्कळ दुकानं दुपारी एक ते साडेतीन-चार बंद असतात, माणसं जेवून आडवी होतात. खाणावळीत त्या वेळी जे असेल ते उरलेलं असतं.

प्रश्न : आम्ही दोघी मैत्रिणी पुण्याहून गाडी घेऊन थेट काणकोणला जाणार आहोत. वाटेवर जिथे बघावं तिथे "बार अँड रेस्टॉरंट". आत जावं का, हा दर वेळचा प्रश्न. (एक वाचक, पुणे)

जा. महाराष्ट्रात त्या बोर्डाचा जो अर्थ होतो तो इथे होत नाही. परवाना आहे म्हणून बोर्ड आहे, एवढंच. आत बाई गल्ल्यावर बसलेली असते, मागच्या टेबलावर शाळेतून आणलेलं तिचं पोर अभ्यास करत असतं, आणि दुपारी तिथे बँकेतल्या बायका जेवत असतात. मी इतकी वर्षं एकटी जेवतेय ती बहुतेक अशाच ठिकाणी. माझी खूण साधी : दुपारी जा, रात्री नको. गल्ल्यावर किंवा स्वयंपाकघराच्या दारात बाई दिसली की बसा. सगळी टेबलं ग्लासांनी भरलेली आणि एकाही टेबलावर ताट नसेल, तर तिथे जेवणाचा धंदा नाही, पुढे चला.

तुमच्या वाटेवर मडगावनंतर कुंकळ्ळी, बाळ्ळी, मग करमल घाट आणि घाट उतरून काणकोण. 2019 साली काणकोणचा बगलमार्ग सुरू झाला, तेव्हापासून कारवारकडे जाणाऱ्या गाड्या चावडी या काणकोणच्या मुख्य गावाच्या बाजारात शिरतच नाहीत. तुम्ही शिरा. पाळोळ्याच्या किनाऱ्यावर जाऊन पास्ता खायच्या आधी एक दुपार चावडीत जेवा. खोलची मिरची बाजारात दिसली तर पावकिलो घ्या. रंग असा देते की पुण्यात बटाट्याची भाजीही रेशाद मसाल्यासारखी लाल दिसेल.

प्रश्न : आई-बाबांना घेऊन सोमवारी बेळगावहून चोर्ला घाटाने मंगेशी आणि कवळ्याला येणार. शुद्ध शाकाहारी. गोव्यात आमचे हाल होतात. (एक वाचक, बेळगाव)

सोमवार निवडलात तिथेच अर्धं काम झालं. आमच्याकडे पुष्कळ हिंदू घरांत सोमवार शिवराक असतो, म्हणजे मासळी नाही. त्यामुळे फोंडा तालुक्यातल्या ज्या खाणावळीत एरवी तुम्ही पाऊल टाकणार नाही, तिथेही त्या दिवशी शिवराक ताट असतं, आणि ते नुसतं मासे वगळलेलं ताट नसतं. मुगागाठी (मोड आलेल्या मुगांचं कालवण), अळसांद्यांचं (मोठ्या चवळीचं) तोणाक, नशीब असेल तर खतखतें. खतखत्यात पाचसात भाज्या, तुरीची डाळ, ओलं खोबरं आणि तिरफळ असतं. फोडणी नसते, तरी बाबा दुसऱ्यांदा मागतील.

काही मासळीच्या खाणावळी सोमवारी बंदच असतात, तेव्हा पर्याय दोन ठेवा. केरी-साखळीला उतरलात की होंडा, उसगावमार्गे फोंड्याकडे या. सकाळचा भाजीपाव साखळीत होईल. तो शाकाहारीच असतो, पण आई-बाबा फार काटेकोर असतील तर त्या हॉटेलात ऑम्लेट होतं का ते विचारून घ्या. देवळांच्या आवारात आणि आजूबाजूला साधं जेवण मिळतं, पण दर्शन आधी आणि जेवण मग असा क्रम धरलात तर दीड वाजतो आणि रांग लागते. बारा वाजता जेवा. देव कुठे जात नाही.

प्रश्न : जुलैमध्ये येतोय, पावसात ताजी मासळी मिळते का? (एक वाचक, सांगली)

1 जून ते 31 जुलै ट्रॉलरना समुद्रात जायची बंदी असते. त्या दोन महिन्यांत कोणी "आजचीच, खोल समुद्रातली" म्हणून सुरमई पुढे करत असेल तर ती बाहेरून आलेली किंवा बर्फातली. म्हणून उपाशी राहायचं कारण नाही. खाडीची मासळी बघा : शेवटे, पालू, कुर्ल्यो (खेकडे). खाजन (खाडीकाठच्या, बांध घातलेल्या) शेतांच्या मानशीवर, म्हणजे पाण्याच्या दारावर, भरती-ओहोटीच्या पाण्यात धरलेली सुंगटां (कोळंबी) समुद्राच्या सुंगटांपेक्षा मला जास्त आवडतात. आणि सुकी मासळी विसरू नका. उन्हाळ्यात भरून ठेवलेले सुके बांगडे निखाऱ्यावर भाजून, वर खोबरेल तेल आणि बाजूला पेज, हे पावसाचंच जेवण. हॉटेलात पेज सहसा यादीत नसते, पण सकाळी दहाच्या सुमारास गावातल्या लहान खाणावळीत विचारलीत तर कामगारांसाठी केलेली मिळून जाते.

रस्त्याच्या कडेला पानांत बांधलेली रानटी अळमी (अळंबी) विकायला दिसतील. भाव ऐकून घाबरू नका, घासाघीसही करू नका. हॉटेलवर उतरणार असाल तर घेऊच नका, तुम्हाला ती शिजवून कोण देणार?

प्रश्न : तुम्ही एकाही खाणावळीचं नाव देत नाही हे बरंच आहे. पण एवढंसुद्धा कशाला सांगता? आधीच आम्हाला आमच्याच गावात बसायला जागा मिळत नाही. (एक वाचक, डिचोली)

तुमचा राग मला कळतो, आणि नावं न देण्याचं कारणही तेच. पणजीतलं कॅफे टाटो किंवा कॅफे भोसले यांना माझ्या शिफारशीची गरज नाही, ती सगळ्यांना ठाऊक आहेत, गर्दीही पेलतात. पण चार टेबलांची खाणावळ गर्दी पेलत नाही. नवरा बाजार करतो, बायको रांधते, तीस-चाळीस ताटं होतात. तिचं नाव छापून आलं की शनिवारी बारा गाड्या येतात. मग ती घाईत रव्यात बुडवून तळू लागते, हुमण पातळ होतं, आणि रोजचा कंडक्टर दुसरीकडे जातो. हे माझ्या डोळ्यांसमोर दोन ठिकाणी झालंय.

पण माणसं येऊच नयेत, हे म्हणणं मला पटत नाही. खाणी बंद पडल्या तेव्हा तुमच्याच बाजूच्या रस्त्यांवरची किती खाणावळींची दारं लागली, आठवा. ट्रकवाले गेले आणि ताटं गेली. शोधत येणारा, वेळेवर येणारा, जे असेल ते खाणारा पाहुणा आला तर त्या बाईची चूल पेटती राहील. मी तसे पाहुणे तयार करायला बघतेय. नाव मात्र त्यांचं त्यांनीच शोधावं.

प्रश्न : रात्री उशिरा मडगावला पोचणार, साडेनऊ-दहा. काय मिळेल? (एक वाचक, सोलापूर)

रॉस ऑम्लेटचा गाडो. संध्याकाळी साडेसहा-सातला लागतात, माल संपला की जातात, त्यामुळे दहाची खात्री देत नाही. ऑम्लेटवर शागोतीचा (कोंबडीच्या वाटणातल्या कालवणाचा) रस ओततात, वर कांदा, लिंबू, बाजूला पाव. उभ्यानेच खायचं. "रस जास्त" म्हणा. ऑम्लेट सगळीकडे सारखंच, गाड्यागाड्यांत फरक रसाचा. ज्या गाड्यावर लोक ऑम्लेट संपल्यावर नुसत्या रसासाठी आणखी एक पाव मागतात, तो धरा.

प्रश्न : परत जाताना बांधून काय न्यावं? पोई (कोंड्याचा पाव) नेली तर दुसऱ्या दिवशी चामड्यासारखी होते. फेणीचं काय? (एक वाचक, इचलकरंजी)

फेणीचं आधी सांगते. परवान्याशिवाय गोव्याची दारू महाराष्ट्रात नेणं गुन्हा आहे, आणि बांद्याच्या पुढे इन्सुलीला तपासणी होते. डिकीत उशाखाली लपवलेली बाटली त्यांना पहिल्यांदा सापडते. रीतसर परवाना काढा किंवा इथेच प्या. पिणारा गाडी चालवणार नाही एवढं बघा.

पोई सकाळची घेऊ नका, संध्याकाळची घ्या. पोदेर दोनदा येतो, सायकलचा भोंपू वाजला की खाली उतरा. घरी जाण्याच्या आदल्या संध्याकाळी घेतलेली पोई गार होऊ द्या, मग कागदात गुंडाळून कापडी पिशवीत घाला. गरम पोई प्लास्टिकच्या पिशवीत बांधली की आतल्या वाफेने ती ओली होते आणि मग चिवट. तुमची चूक तिथेच होतेय. घरी तव्यावर पाण्याचा हबका मारून, झाकण ठेवून मिनिटभर गरम करा. उंडे (गोल पाव) एवढे टिकत नाहीत, ते गाडीतच संपवा.

मांसाहार चालत असेल तर आगशीचे चोरिस न्या, पण दोन डब्यांत बंद करून. नाहीतर महिनाभर गाडीला वास. बेबिंका (थरांची गोड मिठाई) टिकते, तिला 2023 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालंय, पण घेताना थर मोजण्यापेक्षा कडा बघा : करपट रेघ प्रत्येक थराला हवी. मुलांसाठी जत्रेतलं खाजें, आल्याचं आणि गुळाचं. सुके बांगडे नेणार असाल तर ते शेवटच्या थांब्यावर घ्या आणि चोरिसांसारखेच बंद डब्यात ठेवा. आंबोलीच्या वळणांवर मागच्या सीटवरून तक्रार आली तर काचा उघडा, बांगडे फेकू नका.